यंत्र गार होईपर्यंत

“जाळी काढलीस?”

“काढली.”

“कधी?”

“आत्ताच, आक्का. तुमच्यासमोर.”

“माझ्यासमोर काढलीस, ते मी पाहिलं. तू पाहिलंस का, ते विचारते.”

विश्वंभरने ड्रायरची जाळी पुन्हा बाहेर ओढली. तिच्या एका कोपऱ्यात कपड्यांच्या तुसाचा राखाडी, पातळ थर राहून गेला होता. तो त्याने बोटाने सोलून काढला, जाळी उजेडाकडे धरली, तिच्यातून पलीकडची खिडकी दिसते की नाही ते पाहिलं आणि मग ती खाचेत बसवली.

बातमी आली तो दिवस असा रोजच्यासारखाच सुरू झाला होता.

श्रावण होता. आंबोलीच्या घाटमाथ्यावरच्या त्या मठात ज्येष्ठापासून ऊन असं पडलंच नव्हतं. धुकं सकाळी एका खिडकीतून आत यायचं आणि दुपारी दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायचं. मठाच्या मागच्या खोल्यांमधून काही म्हातारी माणसं राहत. कुणाला घर नव्हतं, कुणाला घर असून नव्हतं. बहुतेक अंथरुणाला खिळलेली. त्यांच्या चादरी, धोतरं, लुगडी रोज धुवावी लागत आणि धुतलेलं काही वाळत नसे.

पूर्वी शेगडीत निखारे घालून, वर बांबूचं डालगं पालथं ठेवून, त्यावर कपडे पसरत. कपड्यांना धुराचा वास यायचा आणि रात्रभर मागच्या खोल्यांतून खोकल्याचा आवाज. मग बेळगावच्या एका भक्ताने घर बदलताना आपला ड्रायर मठाला देऊन टाकला. गोल काचेच्या दाराचं ते घरगुती यंत्र जुन्या कडब्याच्या खोलीत आलं.

ते बसवताना आक्का जातीने उभ्या होत्या. एक्स्टेंशनच्या बोर्डावरून त्यांनी वीज घेऊ दिली नाही; यंत्रासाठी भिंतीत स्वतंत्र सॉकेट करून घेतला. आतली गरम, दमट हवा बाहेर नेणारा नळा भिंतीतून पार काढला. यंत्र मागे सरकून तो चेपू नये म्हणून मध्ये दोन विटा ठेवल्या, आणि त्या विटा हलवायच्या नाहीत असं सगळ्यांना बजावलं.

आक्का म्हणजे मठाच्या प्रमुख. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कायम पांढऱ्या सुती लुगड्यात. लांबलांबून माणसं त्यांच्याकडे वेदान्त ऐकायला येत. विश्वंभरही त्याचसाठी आला होता, गडहिंग्लजच्या शाळेतली गणित शिकवायची नोकरी सोडून. आक्कांनी त्याला आल्या आल्या कडब्याच्या खोलीत नेलं होतं.

“हे सांभाळ.”

“आणि अभ्यास?”

“हे सांभाळ.”

त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

“आक्का, एक विचारू?” जाळी बसवून झाल्यावर त्या सकाळी तो म्हणाला.

“विचार.”

“पुण्याचे ते गृहस्थ परवा आले. परवा! आणि काल तुम्ही त्यांना पाठाला बसवलंत.”

“हो.”

“मी अजून इथेच आहे.”

“त्यांना यंत्रापाशी बसवलं तर ते उठून जातील.”

“म्हणजे मी उठत नाही, ही माझी चूक?”

“उठत नाहीस खरा,” आक्का म्हणाल्या. “पण परवा डोळे मिटून बसला होतास.”

“जप करत होतो.”

“मग उघड्या डोळ्यांनी कर. हे विजेवर तापणारं यंत्र आहे. देव नव्हे, की डोळे मिटले तरी चालेल.”

विश्वंभरने ओल्या चादरी ड्रममध्ये टाकल्या. अर्धा ड्रम रिकामा राहील इतक्याच. पहिल्या वर्षी तो लवकर सुटका व्हावी म्हणून ड्रम गच्च भरायचा आणि तासाभराने आतून कोमट, दमट गोळा काढायचा. आता भरत नसे. त्याने दार लावलं, बटण फिरवलं आणि स्टुलावर बसला. काचेमागे चादरी उचलल्या जाऊ लागल्या, पडू लागल्या.

यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, हा नियम होता. सगळे आरतीला देवळात असताना किंवा मठ झोपलेला असताना ते लावायचंही नाही.

शेवंताबाई दारात आली. मठाचं स्वयंपाकघर तिच्याकडे होतं. एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात मठाचा मोबाइल.

“सर, तुमचा फोन. मगाधरनं वाजतोय. भाचा हाय तुमचा.”

मठात येऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्याला सरच म्हणायची. त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं.

“नंतर करतो म्हणावं. यंत्र चालू आहे.”

“नंतर नगं,” शेवंताबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “आत्ता घ्या.”

“जा,” आक्का म्हणाल्या. “मी बसते.”

बोलता येईल इतकी रेंज फक्त तुळशीपाशी मिळायची. विश्वंभर डोक्यावर पंचा घेऊन तिथे गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. तो फार बोलला नाही. फोन शेवंताबाईच्या हातात देऊन परत आला, पंचा झटकला आणि पुन्हा स्टुलावर बसला.

“काय म्हणाला?”

“ताई गेली. पहाटे.”

…

काचेमागे चादरी वर जात होत्या, खाली येत होत्या.

“अंबूताई?”

“हो.”

“कशानं?”

“झोपेतच. अरविंद चहा घेऊन गेला उठवायला, तर…”

त्याचा आवाज सरळ होता. अंबूताई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. स्वतःच्या लग्नानंतर सासरीसुद्धा घेऊन गेली होती. अरविंद तिचा मुलगा.

“केव्हा नेणार?”

“माझ्यासाठी दुपारपर्यंत थांबतो म्हणाला.”

“मग?”

“मी सांगितलं, थांबू नकोस.”

मांडीवरच्या कोरड्या लुगड्याची घडी आक्कांनी गुडघ्यावर दाबली.

“आजऱ्यापर्यंत गाडी मिळते,” त्या म्हणाल्या. “पुढे गडहिंग्लज काही लांब नाही.”

“लांब नाही, आक्का. पण जाऊन करायचं काय? जी होती ती तिथे नाही. जे आहे ते लाकडांवर ठेवतील.”

“हं.”

“आणि खरं सांगू? फोनवर मी स्वतःकडेच बघत होतो. अरविंद रडत होता. मी बघत होतो की आत काय होतंय.”

“काय झालं?”

“काही नाही.” विश्वंभरने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं. “तरंगसुद्धा नाही. गेल्या गुरुपौर्णिमेला मी दीक्षा मागितली तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. दोरीवरचा कपडा चाचपावा तसा. आणि म्हणालात, अजून ओला आहेस.”

“म्हणाले होते.”

“आता बघा.”

बाहेर पागोळ्या एकसारख्या गळत होत्या. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

“दिवाळी झाली की यायची ती,” त्या म्हणाल्या. “चिवडा घेऊन. भलता तिखट करायची.”

“हो.”

“तू तिला सभामंडपात भेटायचास. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत.”

“साधकाने घरच्यांशी फार…”

“मग ती इथे येऊन बसायची. माझ्याबरोबर घड्या घालायची. म्हणायची, घरी असताना या बाबानं स्वतःचा बनियन कधी उचलला नाही आणि इथं गावाची धोतरं वाळवतोय.”

विश्वंभरच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्याने तो जागेवर आणला.

“वाळलास म्हणतोस.”

“तुम्हीच हात लावून बघा.”

आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. त्याच्याकडे आल्या नाहीत. त्या यंत्रापाशी गेल्या आणि त्यांनी सरळ काचेचं दार ओढलं.

ड्रम धडधडत थांबला. खोलीत गरम हवेचा लोट आला.

“आक्का! अजून व्हायचंय.”

“वाळल्या की.” त्यांनी एक चादर बाहेर ओढली. तिची घाईने घडी घातली, बाकड्यावर ठेवली. दुसरी ओढली. ती पहिलीवर ठेवून तळहाताने दाबली. मग तिसरी.

“तसं नका करू.” विश्वंभर उभा राहिला होता. “मध्येच बंद करायचं नाही. शेवटी ते नुसता गार वारा फिरवतं. आवाज बदलतो बघा तेव्हा. तेवढं होऊ द्यायचं असतं.”

“कशाला? वीज जाते उगाच.”

“तुम्हीच शिकवलंयत मला!”

“शिकवलं असेल.” चौथी घडी वर बसली. आक्कांनी कोपऱ्यातली घोंगडी ओढून सगळ्या थप्पीवर घातली आणि चारी बाजूंनी खोचली. “हात लाव. वरून गार लागते की नाही?”

“वरून गार लागणारच. आत काय आहे?”

“आत कोरड्या चादरी आहेत.”

“गरम आहेत त्या!” त्याने घोंगडी बाजूला फेकली. थप्पी फोडली. एक चादर दोरीवर, एक खिडकीच्या गजावर, एक स्टुलावर, जागा मिळेल तिथे तो पसरत सुटला. “असं ठेवायचं असतं का? पहिल्या वर्षी काय झालं, विसरलात?”

“म्हातारी झाले मी. सांग.”

“तेलाची फडकी.”

“कसली?”

त्यांना ठाऊक होतं. मठातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रोज सकाळी साधक मागच्या खोल्यांत जाऊन म्हाताऱ्यांच्या अंगाला तिळाचं तेल चोळत. मठाची ती पूजाच होती. अंग पुसायची फडकी वेगळी असत. ती सोडा घालून उकळली, कितीही धुतली, तरी धाग्यात तेल राहतं आणि गरम थप्पीत ते आतल्या आत तापत जातं. म्हणून ती ड्रायरमध्ये कधी टाकायची नाहीत, पडवीत वाऱ्यावर सुटी वाळवायची.

“मी ती ड्रायरमध्ये वाळवली,” विश्वंभर म्हणाला. हातातली चादर तो अजून पसरत होता. “धुतली होती म्हणून. तेलाचा वासही येत नव्हता. गरम गरम काढली, एकावर एक रचली आणि लाकडी कपाटात कोंबून दार लावलं. जेवणं झाली. दुपारी शेवंताबाई ओरडत आली, काहीतरी करपतंय म्हणून. चुलीवर काही नव्हतं.”

“मग?”

“कपाट उघडलं. धूर. वरची फडकी पांढरीशुभ्र होती. खालचीही. मधली उचलायला गेलो तर हातात काळा भुगा आला. कडेने लाल रेघ सरकत होती.”

“कपाट भिंतीला लागून होतं ना? पलीकडे कोण होतं?”

“सखूआजी. त्यांना चालता येत नव्हतं.”

…

“रचताना गरम लागली नव्हती हाताला?”

“नाही. म्हणजे… थोडी. मला वाटलं, निवतील.”

“ओली होती?”

“ओली असती तर कशाला…” विश्वंभर चिडून म्हणाला. “कोरडी ठक्क होती. कोरडी होती म्हणूनच तर—”

तो थांबला.

यंत्राचं दार उघडंच होतं. आतला लहानसा दिवा जळत होता. विश्वंभरच्या हातात शेवटची चादर होती. ती त्याने पोटाशी धरली होती आणि ती अजून चांगलीच गरम होती.

आक्का बाकड्यावर बसल्या. खिडकीतून धुकं आत येत राहिलं.

विश्वंभर म्हणाला, “बस गेली असेल.”

“शेवंता!” आक्कांनी हाक मारली. “दुधाचा टेंपो गेला का गं आजऱ्याला?”

“कुठला जातोय? चा पितोय की बसून,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “पोहे मागतोय वर.”

“पोहे देऊ नकोस त्याला. सर निघालेत म्हणावं.”

विश्वंभरने चादर दोरीवर टाकली. तिच्या सुरकुत्या काढल्या नाहीत. तो तुळशीपाशी जाऊन अरविंदला फोन लावत राहिला. घंटा वाजून वाजून बंद पडत होती. मग टेंपोवाल्याने हॉर्न दिला, तसा तो पायांत चपला अडकवून निघाला. छत्री शेवंताबाईने मागून पळत जाऊन दिली.

---

तो परत आला तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. अंबूताईचे तिसऱ्या दिवसाचे विधी उरकून, अरविंदकडे आणखी थोडं राहून तो आला होता.

आक्का कडब्याच्या खोलीच्या मागे, बाहेरच्या बाजूला होत्या. नळा जिथे भिंतीतून बाहेर यायचा तिथे पत्र्याची एक झडप होती. यंत्र चालू असलं की हवेच्या दाबाने ती उघडायची, बंद झालं की मिटायची. तिच्या बिजागरीत ओलं तूस अडकून चिखलासारखं झालं होतं. आक्का जुन्या दात घासायच्या ब्रशने ते खरवडत होत्या.

“द्या इकडे,” विश्वंभर म्हणाला. पिशवी त्याने पायरीवर ठेवली. “प्लग काढलाय ना?”

“काढलाय.”

“सॉकेटमधून? की नुसतं बटण बंद केलंय?”

“अरे, काढलाय म्हटलं ना!”

तरी तो आत जाऊन पाहून आला. आक्का पायरीवर बसल्या आणि त्यांनी ब्रश त्याच्या हातात दिला.

“पुण्याचे गृहस्थ दिसत नाहीत.”

“गेले. तू नव्हतास, त्यांना यंत्रापाशी बसवलं होतं.”

विश्वंभर हसला. झडप वर उचलून त्याने बोट आत घातलं. हाताला लागलं तेवढं तूस ओढून काढलं.

“पोचलास?”

“नाही.”

…

“पोचलो म्हणजे, स्मशानात पोचलो. पेटवून बराच वेळ झाला होता. माणसं परतायला लागली होती.” त्याने तुसाचा गोळा पायरीशेजारी ठेवला. “अरविंद दुपारपर्यंत थांबणार होता. सगळे त्याला म्हणत होते, थांब, मामा येईल. तो म्हणाला, मामानेच सांगितलंय, थांबू नका. त्याने माझं ऐकलं.”

“लहानपणापासून ऐकतो तुझं?”

“गणिताला मीच होतो त्याला. तेव्हापासून.”

नळ्याच्या आत आणखी काहीतरी लागत होतं. विश्वंभर मनगटापर्यंत हात घालून चाचपडत राहिला.

“रागावला?”

“नाही. तेच तर. म्हणाला, मामा, तू दमला असशील, आंघोळ कर. मला ताईच्याच खोलीत झोपायला दिलं. खुंटीवर तिचा चष्मा होता. दोरीने बांधलेला.” त्याने हात आणखी आत सरकवला. “तेव्हाही काही झालं नाही मला. विधी केले. भात केला, पिंड ठेवला. लोक म्हणत होते, काय शांत आहेत बघा.”

“आणि मग?”

“मग काल एसटीत.”

“काय?”

“कंडक्टर आला. कुठं जायचं, म्हणाला. मला सांगताच येईना. मठ म्हणू, आंबोली म्हणू… तोंड उघडलं आणि हंबरडाच फुटला. अख्खी गाडी वळून बघायला लागली.”

“अरे.”

“माझ्या शेजारच्या म्हातारीने मला पोटाशी धरलं. तिच्या मांडीवर कोंबडी होती. ती ओरडायला लागली.”

आक्कांनी तोंडावर पदर धरला. विश्वंभरनेही मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसतो आहे की काय ते काही क्षण कळलं नाही.

“कंडक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, आजऱ्याला गाडी चहाला थांबते, दम धरा. आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. पुढे आजऱ्याला स्वतः चहा घेऊन आला. मी उतरून तिथेच बसून राहिलो. पुढची गाडी येऊन गेली, तिच्यापुढची पण. रात्री एका दुकानाच्या फळीवर झोपलो.”

“म्हणून आज आलास.”

“म्हणून आज.”

आतून एकदम काहीतरी सुटलं. नळ्यातून लांबच लांब, पिळलेल्या वातीसारखं तूस बाहेर आलं, काळपट, आणि त्याच्या टोकाला एक पान. विश्वंभरने ते उजेडात धरून पाहिलं.

“आक्का, हे कधीचं साठलंय?”

“तूच बघायचास दर आठवड्याला.”

“वरवर बघायचो. झडप हलते ना, एवढंच.”

त्याने ते गोळ्याशेजारी ठेवलं. डोळा लावून नळ्यात पाहिलं. मग उठून आत गेला, प्लग लावला, यंत्र रिकामंच सुरू केलं आणि बाहेर येऊन झडपेसमोर हात धरला. ती सहज उघडली. हवा जोरात हाताला लागत होती.

तो यंत्र बंद करून परत आला आणि आक्कांच्या खालच्या पायरीवर बसला. समोरच्या दरीत ढग भरत होते. मागच्या खोल्यांतून कुणीतरी पाणी मागितलं आणि कुणीतरी आलो म्हणून ओ दिली.

“दीक्षेचं मी आता विचारणार नाही,” विश्वंभर म्हणाला.

“बरं.”

“रागावून नव्हे.”

“कळलं.”

विश्वंभर नखांतला काळा मळ काढत होता.

“आक्का.”

“बोल.”

“सगळे सांगतात. मी आलो त्या दिवशीच मला इथे एकाने सांगितलं होतं. तुमचा मुलगा गेल्याची बातमी घेऊन माणूस आला, तेव्हा तुम्ही ध्यानाला बसला होतात. त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलंत, आणि आसनावरून हललासुद्धा नाहीत. माणूस वाट बघून, पाया पडून परत गेला.”

आक्का ऐकत होत्या.

“त्या दिवशी तुळशीपाशी फोनवर अरविंद रडत होता ना, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं. मी तुमच्यासारखा बसायला बघत होतो.”

…

“खरं आहे ते?”

आक्कांनी दरीकडे पाहिलं. पायरीवर हाताचा पंजा टेकला, जरा पुढे झुकल्या आणि पुन्हा तशाच बसल्या.

“बसले होते, ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “उठायचं राहून गेलं.”